मेश वायफाय सारखं सारखं गंडतंय? आधी नेमकं कुठं तुटतंय ते शोधा

दोन-तीन डब्यांचा मेश सेट, म्हणजे एकमेकांशी जोडून घरभर एकच वायफाय पसरवणारे राउटर, घरात आले की सुरुवातीला सगळे खूश असतात, आणि मग हळूहळू सुरू होतं, बेडरूममध्ये मीटिंग चालू असताना आवाज तुटतो, वरच्या मजल्यावर टीव्ही गोल गोल फिरत बसतो, फोनवर वायफायच्या कांड्या फुल दिसतायत पण एक मेसेज जात नाही. मग घरातलं कोणीतरी उठून बटण बंद-चालू करतं, थोडा वेळ बरं चालतं, परत तेच.

बंद-चालू केल्यावर बरं चालण्यामागं कारण आहे. डबे नव्यानं चॅनल, म्हणजे हवेतली आपली पट्टी, निवडतात, एकमेकांना नव्यानं जोडले जातात, फोन पण जवळच्या डब्याला नव्यानं चिकटतो. पण ह्यात नेमकं काय बिघडलं होतं त्याचा सगळा पुरावा पुसला जातो. त्यामुळं पुढच्या वेळी नेट गंडलं की पहिलं काम म्हणजे बटणाला हात लावायचा नाही, पाच मिनिटं कळ काढायची आणि खालचं करायचं.

नेट तुमच्या फोनपर्यंत चार टप्प्यांत येतं. बाहेरची फायबर लाइन ते कंपनीनं लावलेला डबा, म्हणजे ओएनटी, ज्याला सगळे मोडेमच म्हणतात. मग तिथून मेशचा मुख्य डबा. मग मुख्य डब्यापासून बाकीचे डबे, ह्याला बॅकहॉल म्हणतात. आणि शेवटी जवळचा डबा ते तुमचा फोन. आता गंमत अशी की फोनवरच्या कांड्या फक्त ह्या शेवटच्या टप्प्याच्या असतात. म्हणजे तुम्ही वरच्या मजल्यावर डब्याच्या शेजारी बसलात तर कांड्या फुलच दिसणार, पण त्या डब्याला खालून काही मिळतच नसेल तर कांड्या बघून काय उपयोग? मी ज्या ज्या घरांत हे बघितलंय तिथं निम्म्याहून जास्त वेळा घोळ तिसऱ्या टप्प्यात निघाला, आणि लोक मात्र पहिल्या टप्प्यावर, म्हणजे नेटवाल्यावर चिडलेले असतात.

तुटतंय कुठं ते पिंगनं कळतं

लॅपटॉप घेऊन जिथं त्रास होतो तिथंच बसा, मुख्य डब्याजवळ नाही. विंडोजमध्ये कमांड प्रॉम्प्टच्या तीन खिडक्या उघडा. आयपीकॉन्फिग (ipconfig) टाइप केलं की डिफॉल्ट गेटवे, म्हणजे घरातल्या राउटरचा पत्ता, म्हणून एक नंबर दिसतो, १९२.१६८.१.१ किंवा तसलाच काहीतरी. पहिल्या खिडकीत त्याला पिंग लावा (म्हणजे ping आणि पुढं तो नंबर टाइप करा, समोरून उत्तर यायला किती वेळ लागतो ते दिसतं), दुसऱ्यात ८.८.८.८ ला (हा गूगलचा बाहेरचा पत्ता), तिसऱ्यात एखाद्या साइटच्या नावाला. विंडोजमध्ये शेवटी मायनस टी (-t) लावलं की पिंग थांबत नाही, चालूच राहतं, मॅकवर ते तसंही चालूच राहतं. आणि मग नेट गंडायची वाट बघत आपलं काम करत बसा.

गंडलं की लगेच तिन्ही खिडक्या बघायच्या. गेटवेचा पिंगच २००-३०० मिलिसेकंदांवर उडाला किंवा रिक्वेस्ट टाइम्ड आउट यायला लागलं तर भानगड घरातच आहे, नेटवाल्याला फोन करून काही होणार नाही. (वायफायवर अधूनमधून १०-२० पर्यंत जाणं नॉर्मल आहे, त्यावरून घाबरू नका.) गेटवे मस्त चालू आहे पण ८.८.८.८ बंद पडलंय, तर बाहेरची लाइन किंवा ओएनटी बघा. आणि दोन्ही चालू असतील तर साइटच्या नावाचं पिंग थांबवून नव्यानं लावा, कारण पिंग नावाचा पत्ता फक्त सुरुवातीला एकदाच शोधतं; नाव सापडत नाही असं आलं तर तो डीएनएसचा, म्हणजे नावावरून पत्ता शोधून देणाऱ्या सोयीचा घोळ, मेशच्या अ‍ॅपमध्ये डीएनएस १.१.१.१ आणि ८.८.८.८ असे हातानं टाकले की बहुतेक वेळा मिटतो.

ह्यात एक खाचखळगा आहे. तुमचा मेश अ‍ॅक्सेस पॉइंट मोडमध्ये असेल, म्हणजे राउटरचं काम ओएनटीवर सोडून नुसतं वायफाय देत असेल, तर गेटवे म्हणजे ओएनटी असतो, मेशचा मुख्य डबा नाही, त्यामुळं अ‍ॅपमधून मुख्य डब्याचा स्वतःचा आयपी शोधून त्याला पण एक चौथी खिडकी लावा.

गेटवेच गंडतोय असं कळलं तर लॅपटॉप उचलून मुख्य डब्याच्या खोलीत जा आणि परत बघा. इथं चांगलं आणि तिथं वाईट म्हणजे बॅकहॉल, किंवा तुमचा लॅपटॉप लांबच्या चुकीच्या डब्याला चिकटलाय, दोन्हीचं पुढं सांगतो. इथं पण वाईटच असेल तर मुख्य डब्याचंच काहीतरी आहे, चॅनल, गरम होणं, नाहीतर अ‍ॅडॉप्टर.

बाहेरच्या लाइनचं पटकन उरकू. ओएनटीवर एलओएसचा लाल दिवा लागला किंवा लुकलुकतोय म्हणजे फायबरमधून उजेड येत नाहीये, वायर तुटली तरी किंवा कुठं फार वाकली तरी. सोफा मागं सरकवल्यावर भिंतीतली ती बारीक वायर दाबली गेलेली बऱ्याचदा सापडते. लाल दिवा नाही पण पावसाळ्यात सारखं जातंय, तर ओएनटीच्या पानावर लॉगिन करून ऑप्टिकल पॉवर, म्हणजे येणाऱ्या उजेडाचा जोर, डीबीएममध्ये बघा, मायनस १५ ते मायनस २५ च्या आसपास असेल तर ठीक, मायनस २७ च्या खाली गेलं की कुठंतरी जोड खराब झालाय आणि तो नेटवाल्यानंच येऊन नीट करायचा असतो. फक्त रात्री आठ ते अकरा स्लो होतं आणि बाकी दिवसभर पळतंय, तर त्यांच्याकडं गर्दी आहे, तुमचा मेश बिचारा निर्दोष. तक्रार करायच्या आधी लॅपटॉप वायरनं थेट ओएनटीला लावून तेच पिंग आणि स्पीडटेस्ट करा आणि वेळेसकट स्क्रीनशॉट ठेवा, नाहीतर ते पहिलं वाक्य काय म्हणतात माहितीये ना, "सर, तुमच्या राउटरचा प्रॉब्लेम आहे."

एका घरात दोन राउटर

हे आपल्याकडं जवळजवळ प्रत्येक घरात असतं. ओएनटीला स्वतःचं वायफाय असतं, तो स्वतः राउटर पण असतो, आणि त्याच्यापुढं आपण मेश लावतो, तो पण राउटर. नुसतं ब्राउझिंग चालतं, पण गेमिंग, सीसीटीव्ही बाहेरून बघणं, ऑफिसचं व्हीपीएन ह्यात विचित्र प्रकार होतात, आणि दोघांचा पत्ता एकच म्हणजे १९२.१६८.१.१ असेल तर मग विचारूच नका. शिवाय ओएनटीचं वायफाय चालूच ठेवलेलं असतं आणि फोन त्याच्यावर उडी मारून बसतो, घरच्यांना वाटतं मेश खराब आहे. म्हणून आधी ओएनटीचं वायफाय बंद करा, दोन्ही बँड, २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ.

मग दोन रस्ते. एक म्हणजे ओएनटी ब्रिज मोडमध्ये टाकून (म्हणजे त्याचं राउटरपण काढून) पीपीपीओईचा, म्हणजे नेटच्या लॉगिनचा, युजर-पासवर्ड मेशमध्ये भरायचा, काही ठिकाणी व्हीलॅन नंबर पण लागतो, तो नेटवाल्याकडून मागायचा. दुसरा म्हणजे ओएनटीला राउटर राहू द्यायचं आणि मेश अ‍ॅक्सेस पॉइंट मोडवर टाकायचा. माझं मत विचाराल तर दुसरा, कारण ब्रिज करून द्यायला बरेच नेटवाले टाळाटाळ करतात आणि उद्या ओएनटी बदलला की परत सगळं पहिल्यापासून. अ‍ॅक्सेस पॉइंट मोडमध्ये पॅरेंटल कंट्रोल वगैरे काही सोयी जातात, ते चालत असेल तर करून टाका. आणि नवीन मेश लावल्यावर नेटच येत नाहीये असं झालं तर लोकल नेटवाल्यानं तुमच्या जुन्या राउटरचा ओळख नंबर, म्हणजे मॅक अ‍ॅड्रेस बांधून ठेवलेला असू शकतो, त्याला फोन करून सोडवून घ्यायचा नाहीतर मेशमध्ये मॅक क्लोनचा ऑप्शन वापरायचा.

बॅकहॉल, म्हणजे खरी मेख

लोक दुसरा डबा कुठं ठेवतात? जिथं रेंज येत नाही तिथं. चुकतं ते इथंच. त्या डब्याला पण मुख्य डब्याची रेंज लागते ना, तो स्वतः कुठून आणणार? डबा ठेवायचा तो मधल्या जागी, जिथं मुख्य डब्याची रेंज अजून चांगली आहे अशा शेवटच्या ठिकाणी. ही जागा अंदाजानं शोधू नका. अँड्रॉइडवर वायफाय अ‍ॅनालायझरसारखं अ‍ॅप टाका, आयफोनवर एअरपोर्ट युटिलिटी टाकून सेटिंगमधून तिचा वायफाय स्कॅनर चालू करा, मॅकवर ऑप्शन दाबून वायफायच्या चिन्हावर क्लिक केलं तरी सिग्नलचा आकडा दिसतो. दुसरा डबा बंद ठेवून, मुख्य डब्याचा ५ गिगाहर्ट्झचा आकडा बघत बघत घरभर फिरा. मायनस ६५ किंवा त्याहून बरा, म्हणजे मायनस ६०, मायनस ५५, असा जिथपर्यंत मिळतोय तिथं दुसरा डबा. मायनस ७५ वर ठेवलात तर अ‍ॅपमध्ये तो हिरवा दिसेल, कनेक्टेड दिसेल, आणि तरी रडवेल.

खोक्यावर ५००० स्क्वेअर फूट वगैरे जे छापलेलं असतं त्याच्यावर आणि अमेरिकेतल्या यूट्यूब व्हिडिओंवर इथं फार विसंबू नका. तिकडची बहुतेक घरं लाकडी सांगाड्याची आणि जिप्सम बोर्डाच्या भिंतींची, सिग्नल आरपार जातो. आपल्याकडं विटांच्या भिंती, आरसीसीचा स्लॅब आणि त्यात लोखंडी सळया. एक स्लॅब ओलांडताना ५ गिगाहर्ट्झची हालत खराब होते, दोन स्लॅब विसरूनच जा. कोकणातल्या जुन्या घरांत जांभ्याच्या जाड भिंती असतात, तिथं तर ओटीवरचा डबा माजघरातच कसाबसा पोचतो, पावसात भिंती ओल धरतात तेव्हा अजूनच कमी. दोन-तीन मजली रो-हाउसमध्ये सगळ्यात चांगला रस्ता जिना असतो, कारण तिथं स्लॅबला भोक आहे, त्यामुळं खालचा डबा जिन्याच्या तोंडाशी आणि वरचा जिना संपतो तिथं ठेवून बघा, फरक लगेच कळतो.

बाकी जागेचे नेहमीचे शत्रू: लोखंडी कपाट, फ्रिज, मोठा आरसा, टाइल्स लावलेली बाथरूमची भिंत, माळ्यावरची पाण्याची टाकी, फिशटँक. आणि टीव्हीच्या मागं डबा लपवणं. दिसायला चांगलं नाही म्हणून शोकेसमध्ये काच लावून ठेवतात, तिथं रेंज पण कमी होते आणि डबा तापतो पण. घरगुती राउटरवर साधारण ४० डिग्रीपर्यंतच चालवा असं लिहिलेलं असतं, आता चंद्रपूर-नागपूरच्या मे महिन्यात बंद कपाटात ४० म्हणजे थंडच म्हणायचं. दुपारीच नेट जातंय आणि सकाळी नीट असतं असं दिसलं तर डबा बाहेर काढून उघड्यावर ठेवा, आधी एवढंच करा.

तीन डबे असतील तर साखळी करू नका. मुख्य डबा मध्ये, बाकीचे दोन त्याला थेट जोडलेले, असं असावं. मुख्य एका टोकाला असला की तिसरा डबा दुसऱ्यामार्फत येतो, आणि स्वस्तातल्या डुअल बँड सेटमध्ये डब्याला एकाच ५ गिगाहर्ट्झच्या रेडिओवरून मागच्या डब्याशी पण बोलायचं असतं आणि तुमच्या फोनशी पण, एकाच तोंडानं खायचं आणि बोलायचं तसं. प्रत्येक उडीला स्पीड साधारण निम्मा होतो. ट्राय बँड सेटमध्ये बॅकहॉलला वेगळा रेडिओ देता येतो म्हणून ते महाग. पण माझं म्हणणं असं की ते जास्तीचे पैसे डब्यात घालण्यापेक्षा वायरीत घाला.

वायर टाकली की मेशची ऐंशी टक्के दुखणी जातात, हा आकडा माझा ठोकताळा आहे पण कुठल्याही अनुभवी इलेक्ट्रिशियनला विचारा. डिशची केबल ज्या कन्सील पाइपमधून गेलीये त्याच पाइपमधून बऱ्याचदा लॅन केबल ओढता येते. कॅट ६ घ्या, कॅट ५ई पण चालेल, फक्त पूर्ण तांब्याची घ्या, अ‍ॅल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली स्वस्त केबल येते ती नको. लाइटच्या वायरीच्या पाइपमधून ओढू नका. आणि पिन मारताना आठच्या आठ तारा लावून घ्या, समोर उभं राहून, कारण काही जण चारच लावतात आणि चार तारांवर १०० एमबीपीएसच मिळतात. ह्याची खूण एकदम पक्की आहे, ३०० चा प्लॅन असून स्पीडटेस्ट ९४-९५ वर अडकून बसला की केबल, पिन, मध्ये लावलेला जुना १०० चा स्विच, नाहीतर १०० चाच पोर्ट असलेला एखादा डबा किंवा लॅपटॉप, बहुतेक ह्यापैकीच एक.

मेश राउटर मोडमध्ये असेल तर दुसऱ्या डब्याची वायर मुख्य डब्यातून निघाली पाहिजे, ओएनटीतून नाही. लावल्यावर अ‍ॅपमध्ये त्या डब्यापुढं इथरनेट किंवा वायर्ड लिहून येतंय का बघा, नाही आलं तर तो अजून हवेतूनच चालतोय. त्याच डब्याला दोन वायरी वेगवेगळ्या स्विचमधून आणून लावू नका, फिरून लूप झाला तर सगळं घर एकदम बंद पडतं. आणि मागच्या अंगणातल्या वेगळ्या खोलीला किंवा गोठ्याला नेट न्यायचं असेल तर उघड्यावरून तांब्याची केबल नेऊ नका, वीज पडली की दोन्हीकडचे डबे जातात, तिथं फायबर आणि दोन टोकांना फायबरचं लॅन करणारे दोन मीडिया कन्व्हर्टर.

वायर शक्यच नाही अशा घरात लोक विजेच्या बोर्डातून नेट नेणारे पॉवरलाइन अडॅप्टर विचारतात. दोन्ही सॉकेट एका फेजवर असतील तर चालतात, नाहीतर पैसे पाण्यात, त्यामुळं परत करता येतील अशा ठिकाणहूनच घ्या.

चॅनल

२.४ गिगाहर्ट्झमध्ये एकमेकांवर न चढणारे चॅनल तीनच, १, ६ आणि ११. सोसायटीत तुमच्या फोनवर वीस-पंचवीस नावं दिसतात ती सगळी ह्या तीनमध्येच कोंबलेली. अ‍ॅनालायझरमध्ये बघून त्यातला मोकळा निवडा, विड्थ, म्हणजे चॅनलची रुंदी, २० मेगाहर्ट्झ ठेवा, ४० केलीत तर स्वतःचंच नुकसान. मायक्रोवेव्ह पण ह्याच पट्ट्यात चालतो, दूध गरम करताना नेट जात असेल तर हसू नका, खरंच तेच कारण असतं.

५ गिगाहर्ट्झचा त्रास वेगळा. ५२ ते १४४ मधले चॅनल रडारबरोबर वाटून घ्यायचे असतात, रडार आहे असं डब्याला वाटलं तर त्याला लगेच चॅनल सोडावा लागतो आणि अशा नव्या चॅनलवर जायच्या आधी निदान एक मिनिट गप्प बसून ऐकावं लागतं. म्हणजे सगळं छान चालू असताना अचानक मिनिटभर ५ गिगाहर्ट्झचं सगळं गायब आणि मग आपोआप परत, असं होत असेल, विशेषतः तुम्ही विमानतळाच्या जवळ राहत असाल, तर चॅनल ३६ ते ४८ किंवा १४९ ते १६१ मध्ये पक्का करा. काही मेशमध्ये चॅनल हातानं निवडताच येत नाही, ईरो आणि गूगलच्या सेटमध्ये तसंच आहे, पण ज्याच्यात १६० मेगाहर्ट्झ विड्थ बंद करायचा ऑप्शन आहे त्याच्यात १६० बंद करून ८० वर ठेवा, कारण १६० मध्ये बहुधा रडारवाले चॅनल येतातच.

फोन-लॅपटॉपचा हट्टीपणा

कुठल्या डब्याला चिकटायचं हे डबा नाही, फोन ठरवतो. डबा फक्त सुचवू शकतो. आयफोन तर सिग्नल मायनस ७० च्या खाली जाईपर्यंत दुसरा डबा शोधायलाच निघत नाही. त्यामुळं खालच्या मजल्यावरून वर आलात तरी फोन खालच्यालाच धरून बसतो. ह्यावर लोक तिसरा, चौथा डबा आणतात आणि प्रकरण अजून चिघळतं. टू बीएचके फ्लॅटला तीन डबे लागत नाहीत हो, दोन पुष्कळ झाले, बऱ्याच फ्लॅटला नीट जागी ठेवलेला एक चांगला राउटर पण पुरतो. डबे फार जवळ असतील तर एक काढून बघा, किंवा सेटिंग असेल तर ट्रान्समिट पॉवर मीडियमवर आणा.

जुना प्रिंटर, स्मार्ट बल्ब, गीझरचा प्लग, कॅमेरा ही मंडळी फक्त २.४ वर चालतात आणि फास्ट रोमिंग (डबा पटकन बदलायची सोय) किंवा डब्ल्यूपीए३ (वायफायची नवी सुरक्षा) चालू केलं की त्यातली काही रुसतात. त्यांच्यासाठी अ‍ॅपमधून वेगळं आयओटी, म्हणजे अशा स्मार्ट वस्तूंचं, नेटवर्क काढा, २.४ आणि डब्ल्यूपीए२ वालं, आणि मग मुख्य नेटवर्कवर काय हवे ते प्रयोग करा. फक्त ऑफिसचा लॅपटॉप तुटतो आणि बाकी सगळं चालतंय, तर मेशला शिव्या देण्याआधी त्याचा वायफाय ड्रायव्हर अपडेट करून घ्या, आणि व्हीपीएन लागतं पण काही साइट अर्धवटच उघडतात असं असेल तर आयटीवाल्यांना सांगा की घरी पीपीपीओई आहे, एमटीयू १४९२ आहे, त्यांना कळेल.

लाइटचं पण बघा. मुख्य डबा इन्व्हर्टरवर आणि वरचा डबा साध्या बोर्डावर, असं असलं तर लाइट गेली की वरचं नेट जाणारच. आणि लाइट जाता-येता डबे दर वेळी रीस्टार्ट होत असतील तर इन्व्हर्टरच्या मागं किंवा पुढं इको आणि यूपीएस असं छोटं बटण असतं, ते यूपीएसवर टाका, नाहीतर राउटरचा छोटा यूपीएस मिळतो तो डब्याच्या अडॅप्टरचे व्होल्ट बघून घ्या.

एवढं सगळं करूनही एकच डबा सारखा पडत असेल तर अदलाबदल करा. आधी दोन डब्यांचे फक्त अडॅप्टर बदलून दोन दिवस बघा, व्होल्ट आणि अँपिअर दोन्हीवर सारखे लिहिलेत ना ते तपासून, कारण डब्याच्या आधी अडॅप्टर मरतात. मग डब्यांच्या जागा बदला. खोड जागेबरोबर राहिली तर परत ते अ‍ॅप घेऊन घरभर फिरा, डब्याबरोबर गेली तर बिल शोधा आणि वॉरंटीत देऊन टाका, तेव्हा फॅक्टरी रीसेट करून बघितलंय का असं विचारतीलच, म्हणून ते त्याच दिवशी सकाळी करून घ्या, पासवर्ड कागदावर उतरवून.